लाल गंज, शहाण्णव तास

भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी गंज मोजला.
काचेच्या झाकणाची पेटी, आत मिठाच्या पाण्याचं धुकं,
तापमान पस्तीस,
आणि त्यात टांगलेले नट, ब्रॅकेट, कॉलर.
शहाण्णव तासांनी झाकण उघडायचं,
लाल ठिपका दिसला की वहीत लिहायचं: नापास.
माझ्या सहीनं किती खोकी परत गेली असतील!

आता धनकवडीच्या दवाखान्यात
डॉक्टर ताम्हनकर माझा रिपोर्ट उजेडाकडे धरते.
माझ्या मुलीहून लहान.
"गंजच म्हणा की, खैरनारकाका.
ऑक्सिजन जळतो तेव्हा ठिणग्या उडतात,
पेशी त्या विझवत असतात.
तुमच्याकडे ठिणग्या फार झाल्यात,
विझवणारे कमी पडतायत."
मी विचारलं, किती तास?
ती हसली.
मी गंमत केली नव्हती.

घरी हेमलता वांगी चिरत होती,
प्रत्येक फोड लगेच पाण्यात, पाण्यात चिमूटभर मीठ.
"नाहीतर काळी पडतात."
एवढंच तिचं रसायनशास्त्र.
माझ्या पेटीत मिठानंच गंज चढायचा,
हिच्या पातेल्यात मीठच त्याला अडवतं,
आणि हे इतक्या वर्षांत
एकाच घरात राहून
आम्ही एकमेकांना सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून ताटाची डावी बाजू वाढत गेली:
जवसाची चटणी, किसलेला आवळा,
गाजराची कोशिंबीर, तिच्यावर तिळाची फोडणी.
उजवीकडे शेपू, मला न आवडणारा.
पॅटिस बंद.
बाकरवडीचा डबा वरच्या फळीवर,
जिथं माझा हात पोचतो
हे तिला पक्कं ठाऊक आहे.

आणि पहाटे साडेपाचला तळजाई.
मोर ओरडतो, कुणाचं तरी काही हरवल्यासारखा.
फाटकाशी रसवाला: दुधी, कारलं, गव्हांकुर,
त्याच्या पाटीवर सतरा आजारांची नावं, सगळे बरे होणारे.
तिथंच भेटतो इस्माईल तांबोळी.
मी गंज शोधायचो,
तो जस्ताच्या टाकीवर उभा राहून गंज थोपवायचा.
अर्धं आयुष्य आमचं भांडण आठ मायक्रॉनवर.
आता छातीवर टाक्यांची उभी रेघ,
हातात काठी, कारखान्याचीच जुनी टोपी.

त्यानं भाच्याच्या दुकानातून बाटली आणली माझ्यासाठी.
अँटिऑक्सिडंट, साठ गोळ्या.
"कोटिंग आहे रे, आतून."
मी बाटली डॉक्टरला दाखवली. ती म्हणाली, राहू दे.
चढावर धाप लागते ना, तेव्हाही ठिणग्या उडतात,
त्यांचा चटका बसूनच पेशी विझवायला शिकते.
आधीच गोळी टाकलीत तर कदाचित
शिकायचंच राहून जाईल.

हे मला त्या रात्री झोपू देईना.
एकतीस वर्षांत एकही नट
मिठाच्या धुक्यात राहून
चिवट होऊन बाहेर आला नव्हता.
एकही नाही.
मी वही लिहिलीय, मला माहीत आहे.

आज तिसऱ्या वळणावर दोघंही थांबलो.
कठड्याचा लोखंडी पाइप, रंग पोपडे धरून उठलेला.
सवयीनं नख मारलं.
"नापास?"
"कधीचाच."
बोट तांबूस झालं, पँटला पुसलं.
इस्माईलचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, माझा भात्यासारखा,
नाडी मोजायला लागलो आणि मध्येच आकडा चुकला.
"आणि आपलं काय लिहिलंस?" त्यानं विचारलं.
म्हटलं, अजून झाकण उघडलं नाहीये.
काठी टेकत तो पुढं निघाला,
म्हणजे मलाही निघावं लागलं.

उतरल्यावर कारल्याचा रस घेतला, दोघांत एक.
सतरा आजारांपैकी एकही
माझ्या रिपोर्टवर नव्हता.
भयंकर कडू.
पैसे इस्माईलनं दिले,
आठ मायक्रॉनचे म्हणाला.